हजेरीतला चौथा रकाना

१६ ऑगस्ट १९८३, मंगळवार

प्रमिलाबाईनं सांगतलं का रोज धा ओळी लिव. काय लिवू म्हटलं तं म्हने, "जे तोंडातून निघत नाही ते लिही. मी वाचणार नाही." बाई आमाले मराठी शिकवते अन् दुपारी शिवण. मी वर्गात बोलत नाई. येते समदं, पन उभी राह्यली का गळा बंद होते.

कागद बाबानं आनले. बाबा सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डात कामाले हाय. रद्दीत टाकलेले फारम, एका बाजूनं छापेल, एका बाजूनं कोरे. मी सुईदोऱ्यानं शिवून वही केली.

माहं नाव कोकिळा. वय सतरा. गाव पवनार. आठवीत असतानी आई बाळंतपनानं सहा महिने खाटेवर होती, चुलीपाशी दुसरं कोनी नोतं. परीक्षेच्या आंधीच शाळा सुटली. मंग चार वर्सं घर अन् वावर. आता वर्ध्याच्या लोकविद्यालयात जाते. शाळा सुटलेल्या लोकायचाच हा वर्ग हाय. सकाळी दहावीचे विषय, दुपारी कोनी शिवण शिकते, कोनी मोटार दुरुस्ती. मार्चात बाहेरून दहावीले बसाचं.

जुलैत आमी बेचाळीस होतो. आज मोजले तं एकतीस.

धा ओळीच्या वर झालं. बाईले सांगाचं नाई.

२२ ऑगस्ट, सोमवार

पोटात कळ आली. बसमंदी नोती. फाटकापाशी सुरू झाली, हाजरी होईलोक राह्यली, मंग गेली. आई म्हने शिळी भाकर खाऊन जाते म्हून. ओवा देल्ला.

हाजरी प्रभाकरराव सर घेते. आमचे मोठे सर तेच, गनित अन् इंग्रजी भी तेच शिकवते. पांढरा सदरा, सायकल, साडेधा म्हंजे साडेधा. आमची पवनारची बस पोचते पावने अकराले. मंग हाजरी होईलोक आमी दारात उभे, नाव आलं का तिथूनच जबाब.

सर रजिस्टरवर बोट ठेवते अन् पूर्न ओळ वाचते. "रूपराव कवडूजी, जाम, सहावी नापास." "हजर सर." "आनंदाबाई, सेवाग्राम, चौथी." "हजर." "हिरालाल, वर्धा, नववी नापास." "हजर सर." मंग मी. "कोकिळा नत्थूजी, पवनार, आठवी नापास." मी हात वर केला. सर म्हने, "हात नको, आवाज." मांगून हिरालाल म्हने, "नावाची कोकिळा हाय सर." हिरालालच्या बापाचं किरान्याचं दुकान हाय, त्याले कशाचीच भीती नाई. समदे हासले.

सरनं समद्यायचं हासनं बंद केलं अन् बीजगनित सुरू केलं. सर चांगलं शिकवते. एकदा समजलं नाई तं तीनदा सांगते, चिडत नाई.

२८ ऑगस्ट, रविवार

आज भी शिळीच भाकर खाल्ली. पोट नाई दुखलं. ओव्याचा गुन असन.

३० ऑगस्ट, मंगळवार

सरनं कागद वाचून दाखवला. वर्ग चालवनारं जे मंडळ हाय त्यायचं पत्र. तीस नवंबरले मंडळाचे लोक येतीन, अन् वर्गात वीस जन बसलेले दिसले नाई तं वर्ग बंद. वाचतानी सरनं कोनाकडेच पाह्यलं नाई. आज एकोनतीस होतो.

घरी सांगाले नोतं पायजे. आई भाकर थापता थापता म्हने, "मंग बरंच झालं. समुद्रपूरचे लोक सोयरिकीसाठी तीनदा इचारून गेले. किती दिवस लटकवाचं त्यायले?"

बाबा जेवून राह्यले होते. म्हने, "वर्ग चालू हाय तोलोक त्यायचं नाव काढू नको."

"अन् बंद पडला तं?"

"मंग पाहू."

म्हंजे माहं समदं त्या वीस लोकायवर हाय. मी एकटी रोज गेली तं काय होते? आनखीन एकोनीस पायजे.

६ सप्टेंबर, मंगळवार

शाळेचे शिपाई रामाजी. त्यायनं तेलाचा रिकामा डबा घासून त्याले वरून चीर पाडली अन् कुलूप लावलं. सरनं चुन्यानं त्याच्यावर 'सूचना पेटी' लिवलं अन् वऱ्हांड्यात टांगला. म्हने, "लोक का सोडून जातात हे मला कळलं पाहिजे. नाव लिहू नका. जे वाटेल ते टाका."

रूपराव डब्याकडे पाह्यत म्हने, "सर, वाटेल ते म्हंजे भाकर टाकली तं चालन?" रूपराव सव्वीस वर्साचा हाय, जामले बायको अन् दोन पोट्टे, वर्ध्याले मामाकडे राह्यते अन् सकाळी पंक्चर काढते. त्याचे नखं काळेच असते.

१३ सप्टेंबर, मंगळवार

पेटी उघडली. बिडीचं थोटूक, बसचं टिकीट अन् एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिवलं होतं, पंखा पायजे. रामाजीनंच टाकली होती, त्यायनं कबूल केलं.

सरनं चिठ्ठी खिशात ठेवली. पंखा आनतो म्हने.

१९ सप्टेंबर, सोमवार

आज लय लाज वाटून राह्यली.

सरनं प्रश्नायचे छापेल कागद वाटले. शिकवलेलं समजतं का? वेळ सोयीची आहे का? वर्ग सोडावासा वाटतो का, वाटत असल्यास कारण लिहा. असे पाच. म्हने, "ही परीक्षा नाही. नाव घालू नका. मी बाहेर थांबतो, म्हणजे तुम्ही मोकळेपणी लिहाल." अन् खरंच बाहेर गेले, दार लोटून घेतलं.

दार लोटल्याबराबर समदे एकमेकाकडे वाकले. हिरालाल म्हने, "पयल्याचं काय हाय?" रूपराव म्हने, "किती मार्काचा हाय तो?" कोनी म्हने तिसरा प्रश्न शिकवलाच नाई. आमी समदे शाळेतून असेच आलो, छापेल कागद समोर आला का आमाले एकच माहीत हाय, बराबर उत्तर कोनापाशी हाय ते पाहाचं.

अन् समदे माह्या कागदाकडे पाहाले लागले, काऊन का माहं अक्षर चांगलं.

मी काय लिवलं होतं? 'होय. सर्व ठीक आहे. कोणतीही अडचण नाही.' घाबरून लिवलं. पावने अकराची बस मले माहीत नाई काय? पन सरले उलटं कसं लिवाचं? दुसऱ्या प्रश्नात मी 'वेळ' लिवून खोडलं अन् मंग 'सर्व ठीक' केलं. रूपरावनं तेच उतरवलं. 'वेळ' लिवलं अन् खोडलं भी. मी म्हटलं, खोडलेलं कायले लिवता? तं म्हने, "राहू दे, कमी नको पडाले."

आनंदाबाईले लिवाले वेळ लागते. त्या दवाखान्यात आया हायत, पस्तीस वर्साच्या असतीन. त्यायनं कागद माह्याकडे सरकवला. "तूच लिवून दे माय, चांगलंच लिवजो." लिवून देल्लं.

सव्वीस कागद. समद्यायवर कोनतीही अडचण नाई.

२१ सप्टेंबर, बुधवार

सर आज खूश होते. कागद मंडळाले पाठवले म्हने. प्रमिलाबाईनं पाठवाच्या आंधी पाह्यले असन, काऊन का शिवणाच्या वेळी त्या माह्यापाशी आल्या अन् काजं पाह्यत पाह्यत म्हने, "दोघांनी एकच शब्द खोडला, त्याच जागी." मी खाली पाह्यलं. बाई म्हने, "काज चांगलं झालं आहे," अन् गेल्या.

४ ऑक्टोबर, मंगळवार

बावीस. आनंदाबाई आठ दिवसापासून नाई. अन् आज शकुंतला भी नाई आली.

शकुंतला आमच्या घरापासून चवथं घर. आमी दोघी बसमंदी एकाच सीटवर बसतो. मी फाटकापाशी तिले बलावाले गेली तं तिची आई म्हने, "तिले नाई याचं आता." शकुंतला मांगच्या खोलीत होती, बांगड्यायचा आवाज आला.

आज बसमंदी एकटी बसली.

११ ऑक्टोबर, मंगळवार

सर रविवारी सायकलनं पवनारले आलते, सोडून गेलेल्यायले भेटाले. ऊन तपत होतं. पयले शकुंतलाच्या घरी. तिच्या बापानं खाट टाकली, चहा देल्ला, म्हने, "पोरगी शिकते ते चांगलंच हाय सर, तुमी देवमानूस. पन वावरात कामं हायत." सरनं वहीत लिवलं, शेतीकाम. दुसऱ्या घरी चहा, घरकाम. तिसऱ्या घरी चहा, शेतीकाम. घरी आलेल्या मास्तराले कोन वाकडं बोलन?

मंग आमच्या घरी. आईनं पोहे केले. सर म्हने, "कोकिळाची प्रगती चांगली आहे." आई म्हने, "हो का?" अन् पदर सावरून घेतला. सर गेल्यावर किती येळ उंबऱ्यातच उभी होती. मंग मले म्हने, "काय रे बापा, एवढा मोठा मानूस सायकल हानत येते अन् मी त्याले पोह्यात शेंगदाने टाकाले इसरली." दिवसभर तेच बोलली.

आज सरनं वर्गात सांगतलं, "कारण समजलं. शेतीची कामं." पन रूपराव मांगून हळूच म्हने, "जुलैत भी शेतीच होती." सरले ऐकू नाई गेलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

प्रमिलाबाई म्हने, "कोकिळा, तू जा शकुंतलाकडे, आनंदाबाईंकडे. विचारू नको काही. नुसती बस. सरांना मग तू लिहून दे."

"मीच काऊन बाई?"

"कारण तू मधे बोलत नाहीस."

हे चांगलं म्हटलं का वाईट, समजलं नाई.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत नाई गेली. सकाळी शकुंतलाच्या वावरात गेली, ओटी बांधली अन् तिच्या बाजूच्या तासात, झाडायच्या ओळीत, कापूस वेचाले लागली. तिनं पाह्यलं अन् वेचत राह्यली. एक तास संपला, दुसरा लागला. अर्धी ओटी भरली तवा तीच म्हने,

"बाईनं पाठवलं न तुले?"

"हो."

"मंग इचार."

"इचारू नको म्हटलं."

ती हासली. मंग बोंड उकलता उकलता बोलत गेली. पोळ्याच्या आंधी तिच्या आतेचा पोरगा वर्ध्याले आलता, तिले निरोप द्याले शाळेत आला. खिडकीपाशी उभा होता अन् आत हाजरी चालली होती. "शकुंतला, पवनार, सातवी नापास, दोनदा." त्या पोरानं ते गावात आनलं. आता पोट्टे हातपंपापाशी तिले 'दोनदा' म्हनते. नाव नाई घेत. दोनदा आली, दोनदाची बकेट भरू द्या.

"तू सरले सांगाचं होतं," मी म्हटलं.

"काय सांगू? खोटं हाय काय ते? झालीच मी दोनदा." मंग जराशानं, "पन घरी मी ते इसरली होती कोकिळा. चार वर्सं कोनी नाव नोतं काढलं. तिथं रोज सकाळी साडेधाले."

मी बोंडं वेचत राह्यली.

२० ऑक्टोबर, गुरुवार

बाबाच्या संगं सेवाग्रामले गेली. आनंदाबाई ड्युटी करून आल्या होत्या, खोलीच्या दारात पाय पसरून बसल्या. पोरगा बाजूले पाढे पाठ करून राह्यला होता. त्यायनं त्याच्याकडे बोट केलं.

"हा चवथीत हाय. मी भी चवथी. रोज तीस लोकात ऐकाचं. वॉर्डात मले कोनी इचारत नाई तू कितवी हाय म्हून. मोठे डाक्टर भी म्हनते, आनंदाबाई, जरा पाहा. तिथून बस पकडून याचं, अन् पोचल्याबराबर चवथी."

"तुमाले शिकाचं होतं न?"

"नर्सबाईच्या हाताखालचं काम भेटते दहावी झाली तं. शिकाचं काऊन नाई?" मंग पोराले म्हने, "सात सत्ते किती? मले नको पाहू, मी भी चवथीच हाय." पोरगा हासला. त्या नाई हासल्या.

येतानी बाबाच्या सायकलवर मांगं बसून मले एकदम वाटलं, माही कळ भाकरीची नाईच. हाजरी झाली का जाते ती. दोन महिने ओवा खाल्ला मी.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सरले कागद लिवून देल्ला. त्यात लिवलं: बस पावने अकराले येते, हाजरी साडेधाले होते, लोक दारात उभे राहतात म्हणून येत नाहीत.

बस, तेवढंच.

बाकीचं कसं लिवू? सरनं कोनाले शिवी नाई देल्ली. रजिस्टरात हाय ते वाचते. सर रामाजीले म्हने, 'बघा, या मुलीनं शोधून काढलं,' अन् माह्या डोक्यावर हात ठेवला. मले तवाच सांगाचं होतं. मी नुसती मान हालवली.

१२ नवंबर, शनिवार

दिवाळीनंतर शाळा उघडली. सर सुट्टीत स्वता डेपोत गेलते, बसची वेळ नाई बदलत म्हने, तं सरनं शाळेची बदलली. आता अकरा. दारात कोनाले उभं राहाचं नाई. पंखा भी लागला. सोडून गेलेल्यायच्या घरी पोस्टकार्ड पाठवले, एकेक आपल्या हातानं लिवून.

चौघं परत आले. आनंदाबाई आल्या. शकुंतला नाई. आता तेवीस. सर फळ्याकडे पाठ करून उभे राह्यले अन् समद्यायकडे एकदा पाह्यलं, अन् मंग रजिस्टर उघडलं.

"आनंदाबाई, सेवाग्राम, चौथी."

त्यायनं माह्याकडे पाह्यलं. मी पंख्याकडे पाह्यलं.

२२ नवंबर, मंगळवार

अठरा. परत आलेले चारही गेले, अन् आनखीन एक.

आई म्हने समुद्रपूरचे लोक तीस तारखेनंतरच्या रविवारी येतीन. खुशीनं नाई म्हटलं, पन म्हटलं. नवी पातळं काढून उन्हात टाकली.

आज वऱ्हांड्यातून जातानी सरचा आवाज आला. प्रमिलाबाईले म्हनत होते, "वेळ बदलली. पंखा लावला. घरोघर गेलो. आणखी काय करू मी, सांगा." आवाज बसला होता. सरले सर्दी झाली असन, थंडीत सायकलनं येते.

बाईनं माह्याकडे पाह्यलं. बाईले समदं माहीत हाय असं वाटते. मंग स्वता काऊन नाई सांगत?

२४ नवंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिवते.

सर हाजरी घेऊन राह्यले होते. "रूपराव कवडूजी, जाम, सहावी नापास." "हजर सर." "हिरालाल, वर्धा, नववी नापास." "हजर सर." "कोकिळा नत्थूजी, पवनार, आठवी नापास."

मी हात वर नाई केला. काई ठरवलं नोतं. हात उचललाच नाई.

सरनं पुन्हा वाचलं. मंग वर पाह्यलं. "आवाज."

मी उभी राह्यली. "सर, नापास नाई."

"काय?"

"मी नापास नाई झाली. पेपरच नाई देल्ला. सहामाहीत माहा दुसरा नंबर होता."

सरनं चष्मा वर केला, रजिस्टर पाह्यलं. "तुझ्या दाखल्यावर तसं लिहून आलं आहे."

"लिवलं असन. शाळा सुटली होती माही."

मांगं बाक वाजला. रूपराव उठला. म्हने, "सर, मी भी सहावी पास हाव. सातवीत गेलो नाई, येवढंच. बाप वारला होता." तो असं बोलतानी मी पयल्यांदा पाह्यला, गंमत न करता.

हिरालाल बसल्या बसल्याच म्हने, "मी खरंच नापास हाव सर. इंग्रजीत नऊ मार्क होते. पन रोज कायले?"

थोडेसे हासले, पन हासू पुढं नाई गेलं.

सर म्हने, "रोज?" हळूच म्हने. "तुम्हाला हे रोज..." अन् थांबले. बोट अजून ओळीवरच होतं, चवथ्या रकान्यात.

मले वाटलं आता बसावं. पन उभीच राह्यली. मी म्हटलं, "सर, शकुंतला म्हून गेली. आनंदाबाई पन. गावात तिले पोट्टे दोनदा म्हनते. मी तुमाले बसचं लिवून देल्लं. ते खोटं नोतं, पन ते कारन नोतं. अन् त्या छापेल कागदावर समद्यायनं माहंच उतरवलं होतं."

सरनं रजिस्टर बंद केलं, काखेत घेतलं अन् बाहेर गेले. सायकलचा स्टँड पडल्याचा आवाज आला. तासच नाई झाला.

रूपराव म्हने, "बोलली बाई कोकिळा." मी बाकावर डोकं ठेवलं. सर मले काढून टाकतीन.

२५ नवंबर, शुक्रवार

सर आलेच नाई. रामाजी म्हने अकरा वर्सात सरची ही पयली रजा.

मी काय करून ठेवलं? आता वीस भी नाई, सर भी नाई.

आईले सांगतलं समदं. मले वाटलं रागवन. ती म्हने, "तुहा दुसरा नंबर होता?"

"हो."

"मले कोनी सांगतलं नाई." मंग किती येळ तांदूळ निवडत बसली. नंतर म्हने, "मी तवा खाटेवर होती."

२६ नवंबर, शनिवार

सर आले. माह्याकडे नाई पाह्यलं. रागावलेच हायत. टेबलावर नवीन रजिस्टर ठेवलं. हाजरीले फक्त नाव. "रूपराव." "हजर सर." "हिरालाल." "हजर." "कोकिळा." मी "हजर सर" म्हटलं, आवाज फाटला.

त्यायनं मंग बीजगनित शिकवलं, जसं काई झालंच नाई. तास संपतानी म्हने, "काही चुकत असेल तर उभं राहून सांगा. पेटीत टाकलं तर मला अक्षरावरून कळतं." हिरालाल म्हने, "मंग तं कोनी टाकनच नाई सर." सर म्हने, "म्हणूनच काढून टाकली पेटी."

२८ नवंबर, सोमवार

शकुंतला सांगून राह्यली होती. काल सर तिच्या वावरात आले. बांधावर उभे राह्यले, सायकल हातातच. तिच्या बापानं बसा म्हटलं तं बसले नाई, चहा नको म्हने. तिले म्हने, "माझं चुकलं. मी रोज वाचत होतो आणि मला ऐकू येत नव्हतं."

"मंग येतं न उद्या?" मी म्हटलं.

"नाई."

"काऊन? आता नाई वाचत ते."

"माहीत हाय. सर चांगले हायत. पन बापानं त्या बांधावर समदं ऐकलं, आजूबाजूचे मजूर होते. आता त्या मजुरायच्या तोंडी भी 'दोनदा'च हाय." ती वेचत राह्यली. "तू जा. मले पुस्तकं देऊन ठेवजो, वाचीन."

मले सरचा राग आला अन् सरची दया भी आली. दोनी एका संगं.

त्या चौघातला नालवाडीचा पोरगा आज परत आला; सर त्याच्याकडे अन् सेवाग्रामले भी जाऊन आले म्हने. एकोनीस.

३० नवंबर, बुधवार

आई सकाळी उठून ताजी भाकर करून होती. फडक्यात बांधून देल्ली.

अकराले आमी एकोनीस बसलो. रूपरावनं मामाच्या पोराले आनून बसवतो म्हटलं, तो चवदा वर्साचा. सर नाई म्हने. म्हने, "जितके आहेत तितके."

मंडळाचे दोघं आले. मोठे ते सदाशिवराव, जाड चष्मा, हातात छापेल फारम. त्यायनं बोटानं मोजलं. मंग पुन्हा मोजलं. "एकोणीस आहेत, प्रभाकरराव." सर म्हने, "होय." खोटं नाई बोलले. प्रमिलाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, बाहेर पाह्यत. मी बाकाची कड धरून बसली. समुद्रपूरचं घर कसं असन ते मले दिसाले लागलं, न पाह्यता.

सदाशिवराव फारम भराले बसले. तवा दारात आनंदाबाई. ड्युटीवरचं पातळ तसंच, धाप लागली होती, चप्पल हातात. "बस चुकली सर, दुसऱ्या गाडीनं नालवाडीलोक आली अन् तिथून पायी." अन् येऊन माह्या बाजूले बसल्या. वीस. त्यायच्या पदराले दवाखान्याचा वास येत होता.

सदाशिवरावनं त्यायच्याकडे पाह्यलं. "नाव?"

"आनंदाबाई."

"बाई, तुम्ही कितवी?"

आनंदाबाईची नजर दाराकडे गेली. आत्ताच ज्या दारातून आल्या त्या.

सर पुढं आले. "तो प्रश्न या वर्गात विचारत नाही."

"म्हणजे?" सदाशिवराव हासले. "अहो, फारमात रकाना आहे. शेवटची इयत्ता. मी काय लिहू तिथे?"

"हजर लिहा."

"प्रभाकरराव, वर पाठवायचा कागद आहे हा. मंडळ माझ्यावर येईल."

"माझ्यावर येऊ द्या. सहीच्या खाली मी लिहून देतो, माझ्या सांगण्यावरून."

सदाशिवरावनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्यानं त्यायच्या कानात काई म्हटलं. ते नाई म्हने, मान हालवली. मंग पेन उचललं अन् लिवलं. मी पयल्या बाकावर होती, मले दिसलं, 'हजर'.

मंग त्यायनं माह्याकडे पेन केलं. "आणि तुम्ही?"

मी उभी राह्यली. "कोकिळा नत्थूजी," म्हटलं. "पवनार." तिथंच थांबली अन् खाली बसली.